लवजी वाडिया: मुंबईच्या गोदीतला सुतार आणि तुमच्या फायबर होडीची कुजलेली मागची भिंत

ब्रिटानियाचं बिस्कीट तर तुम्ही रोज चहात बुडवत असाल. बॉम्बे डाइंगची चादर घरात असेल, पुण्याचं वाडिया कॉलेज किंवा मुंबईचं वाडिया हॉस्पिटल ऐकून माहीत असेल. या सगळ्या नावांच्या मागे एकच घराणं आहे आणि त्या घराण्याची सुरुवात एका सुताराच्या हातातल्या पटाशीपासून होते. त्यांचं नाव लवजी नसरवानजी वाडिया. जन्म १७०२, मृत्यू १७७४.

आता तुम्ही म्हणाल, टेक्नॉलॉजीच्या साईटवर अडीचशे वर्षांपूर्वीचा सुतार कशाला? कारण आहे. उन्हाळा आला की जुन्या फायबरच्या होड्यांबद्दल प्रश्न सुरू होतात. तलावात किंवा धरणाच्या पाण्यात चालवायला सेकंड हँड होडी स्वस्तात मिळते. घरी आणून बघितलं, तर मागची भिंत बोटाने दाबली तरी दबते. दुकानदार सांगतो, वरून पुट्टी मारा, रंग द्या, काम झालं. ते काम होत नसतं. ते का होत नाही आणि खरं काम कसं असतं, हे लवजींच्या आयुष्यातून जितकं नीट कळतं तितकं कुठल्याच व्हिडिओतून कळत नाही. म्हणून आधी माणूस समजून घेऊ, मग होडीकडे वळू.

आधी एक शब्द: ट्रान्सम

होडीची मागची सपाट, उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. आजच्या छोट्या होडीत मोटर इथेच लटकवतात. मोटरचं वजन, तिचा धक्का, लाटेवर होडी आपटली की बसणारा हिसका, असं सगळं ही एक भिंत सोसते.

फायबरच्या होडीचा ट्रान्सम सहसा नुसत्या फायबरचा नसतो. बाहेर फायबरचा पातळ थर, आत फायबरचा पातळ थर आणि मधे प्लायवूड, म्हणजे सँडविचच म्हणा ना. ताकद येते ती मधल्या लाकडामुळे. त्यामुळे फायबर कुजत नाही हे खरं असलं, तरी फायबरची होडी कुजते हेही तितकंच खरं आहे.

जुन्या लाकडी जहाजांतही हा मागचा भाग नाजूकच असायचा. सुकाणू तिथेच अडकवलेलं, फळ्या येऊन संपायच्या तिथेच आणि सांध्यांची गर्दीही तिथेच. पाणी नेहमी सांध्यातून शिरतं, हे लक्षात ठेवा. पुढे याच वाक्यावर सगळं उभं आहे.

सुरतेचा फोरमन

लवजींचा जन्म सुरतेजवळच्या सिगणपूर गावातला, पारशी कुटुंबातला. गुजरातीत वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. आडनाव धंद्यावरूनच पडलेलं.

त्या काळात सुरत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. हज यात्रेकरूंची जहाजं, व्यापाऱ्यांची जहाजं, कंपनीची जहाजं, सगळी तिथे बांधली जायची. सुरतेच्या सुतारांची एक खास पद्धत परदेशी प्रवाशांनाही चकित करायची. युरोपात फळीला फळी नुसती टेकवून मधल्या फटीत दोर ठोकत. सुरतेत एका फळीच्या कडेला खाच आणि दुसऱ्या फळीच्या कडेला जीभ काढून त्या एकमेकींत बसवत, मधे कापूस आणि राळ भरत. पाण्याला सरळ रस्ताच मिळत नसे.

राळ हा शब्द आपल्याकडे जुना आहे. झाडाचा चिकट डिंक, तापवला की पातळ होतो, गार झाला की घट्ट बसतो. आज दुकानातून आपण रेझिन आणतो, त्याचा अर्थ मुळात राळच. फक्त आता ती झाडातून न येता कारखान्यातून येते.

लवजी अशा कामात तयार झाले. सुरतेच्या जहाज-यार्डात ते फोरमन होते आणि तिथले मुख्य मिस्त्री होते धनजीभाई. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे डडली नावाचे अधिकारी मुंबईहून एक जहाज बांधून घ्यायला सुरतेत आले. त्या जहाजाचं नाव क्वीन. डडलींनी काम बघितलं आणि त्यांची नजर फोरमनवर ठरली. पुढच्या वर्षी, १७३६ मध्ये, लवजी मोजके सुतार बरोबर घेऊन मुंबईला आले. तेव्हा त्यांचं वय ३४.

मुंबईला सुतार कशाला हवा होता?

आजची मुंबई डोक्यातून काढून टाका. १६६८ पासून बेटं कंपनीकडे होती, पण व्यापाराचा थाट सुरतेचाच होता. मुंबईकडे दोनच गोष्टी भारी होत्या. एक, वादळातही जहाज सुरक्षित राहील असं खोल, आडोशाचं बंदर. दुसरी, भरती-ओहोटीतला मोठा फरक. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी ४ ते ५ मीटर वर-खाली होतं. या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग लवजींनी पुढे कसा केला ते बघूच.

शिवाय किनाऱ्यावर मराठ्यांच्या आरमाराचा दबदबा होता. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, तरी आंग्र्यांची गलबतं कंपनीला चैन पडू देत नव्हती. मराठ्यांना स्वतःची जहाजं दुरुस्त करायचं महत्त्व चांगलं ठाऊक होतं. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी खडकात कोरलेली त्यांची गोदी आजही दिसते. कंपनीला लढायचं असो की व्यापार करायचा असो, जहाज तुटलं तर दुरुस्त करायची जागा हवी होती. नवीन जहाज बांधणं ही नंतरची गोष्ट. मुंबईच्या गोदीचं मोठं काम दुरुस्तीचंच होतं.

आणि दुरुस्तीला लागतं लाकूड. मुंबईत आल्यावर लवजींना लवकरच उत्तरेकडे पाठवलं गेलं, लाकूड व्यापाऱ्यांशी सागवानाचे सौदे करायला. येताना ते स्वतःचं कुटुंबही घेऊन आले आणि मुंबईचेच झाले. काम घेण्याआधी मालाची सोय लावायची, हा मिस्त्री माणसाचा पहिला नियम.

लाकूड कुजतं म्हणजे नेमकं काय होतं?

इथे दोन मिनिटं थांबू, कारण गोष्टीचा गाभा इथेच आहे.

लाकूड पाण्याने कुजत नाही, ते कुजतं बुरशीने. बुरशीला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, ओलावा, हवा आणि ऊब. यातलं एक जरी काढून घेतलं, तरी बुरशी थांबते. म्हणूनच विहिरीच्या तळाशी कायम पाण्यात बुडालेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, तिथे हवा नसते. कोरड्या घरातलं छताचं लाकूड टिकतं, तिथे ओलावा नसतो. साधारण हिशोब असा की लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवला, तर बुरशीचं फारसं काही चालत नाही.

सगळ्यात वाईट जागा कुठली? जिथे थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही आहे. म्हणजे जहाजाच्या आतले बंद कोपरे. आणि आपल्या होडीत? दोन फायबरच्या थरांमधलं प्लायवूड. एकदा पाणी आत गेलं की बाहेर यायला वाट नाही, आणि फायबर वरून चकचकीतच दिसतं. आतून लाकडाचा भुसा होईपर्यंत कळत नाही.

इंग्लंडची जहाजं ओकच्या लाकडाची. ओक मजबूत, पण त्याला दोन अडचणी होत्या. एक म्हणजे नीट वाळवलेला नसला तर तो कुजायचा. दुसरी म्हणजे ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळ्यांना खायचं. खिळा गंजला की भोक मोठं, भोक मोठं की पाणी आत, पाणी आत की बुरशी. एक साखळीच ती.

सागवानाची गोष्ट वेगळी. त्यात नैसर्गिक तेल असतं, ते बुरशीला आणि वाळवीला आवडत नाही, आणि त्यात लोखंडाचा खिळाही जास्त टिकतो. ऊन-पाऊस झेलूनही ते फार आकसत किंवा फुगत नाही, म्हणून सांधे उघडत नाहीत. लवजी आणि त्यांच्या लोकांना हे रसायनशास्त्राच्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं, पिढ्यानपिढ्या हाताखालून लाकूड जाऊन कळलेलं होतं.

आपल्या विदर्भातल्या मंडळींना हे सांगायची खरं तर गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाला व्यापारी आजही सीपी सागवान म्हणतात, जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून. आलापल्लीची जंगलं त्यासाठीच प्रसिद्ध. दिल्लीतल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाहहून गेलं. समुद्र आपल्यापासून समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटरवर असेल, पण लवजींना जे लाकूड हवं होतं त्याच जातीचं लाकूड आपल्या दारात आहे.

१७५०: पाण्यातलं जहाज कोरडं करायचं कसं?

जहाजाचा खालचा भाग कायम पाण्यात. तो दुरुस्त करायचा तर बाहेर काढावा लागणार. जुनी पद्धत अशी की भरतीला जहाज किनाऱ्याजवळ आणायचं, ओहोटीला ते चिखलात टेकू द्यायचं, एका कुशीवर कलंडवायचं आणि पुढची भरती येईपर्यंत जेवढं जमेल तेवढं काम करायचं. म्हणजे काही तासांचा वेळ, तोही चिखलात. शिवाय जड जहाज असं आडवं पाडलं की त्याचे सांधे पिळवटतात. दुरुस्तीच नवीन दुखणं द्यायची.

१७५० मध्ये लवजींच्या देखरेखीखाली मुंबईत ड्राय डॉक, म्हणजे कोरडी गोदी, तयार झाली. आशियातली ही पहिली ड्राय डॉक मानली जाते. कल्पना तशी सोपी आहे. किनाऱ्याला दगडी बांधकामाचा एक मोठा हौद, समुद्राच्या बाजूला दरवाजे. भरतीला दरवाजे उघडे, जहाज आत. मग ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचं, दरवाजे लावायचे आणि उरलेलं पाणी उपसायचं. जहाज सरळ उभं राहतं. खाली लाकडी ठोकळे, दोन्ही बाजूंना टेकू. मुंबईच्या भरती-ओहोटीतला मोठा फरक इथे कामी आला. पाणी उपसायची निम्मी मेहनत समुद्रच करून द्यायचा.

आता सुताराला तास नाही, दिवस मिळाले. कुजलेली फळी वरवर न बुजवता पूर्ण काढता येऊ लागली. मागे काय चाललंय ते बघता येऊ लागलं. लाकूड वाळू देता येऊ लागलं. दुरुस्तीत घाई आणि नीटपणा यांच्यामध्ये जी भिंत होती ती या गोदीने पाडली.

पुढच्या १५ वर्षांत याच रांगेत आणखी दोन गोद्या झाल्या. पूर्वेकडच्या समुद्रात ब्रिटिश आरमाराची मोठी जहाजं कोरडी करून दुरुस्त करायची, तर मुंबईलाच यावं लागायचं. मुंबईचं महत्त्व सुरतेपेक्षा वाढलं त्याला बरीच कारणं आहेत, पण ही गोदी त्यातलं मोठं कारण.

गंमत म्हणजे ही गोदी अजून वापरात आहे. फोर्ट भागात लायन गेटच्या आत, भारतीय नौदलाच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये. सर्वसामान्यांना तिथे सहज प्रवेश नाही. पण २७० पेक्षा जास्त वर्षं चालू असलेलं हार्डवेअर म्हणून तिची आठवण ठेवायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे सगळं कौशल्य कंपनीच्या कामी आलं. ज्या गोदीत जहाजं धडधाकट झाली, त्यातल्या काहींनी पुढे आपल्याच किनाऱ्यावर तोफा डागल्या. १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचा ताफा मुंबईहूनच विजयदुर्गावर गेला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. लवजींच्या हातातली पटाशी कुणाची बाजू घेत नव्हती, पण तिचा पगार कंपनी देत होती. त्यांचं काम मोठं होतं हे म्हणताना हेही म्हणायला हवं.

१२ रुपये महिना

लवजींच्या आयुष्यातली मला सगळ्यात आवडणारी नोंद १७७१ ची आहे. तोपर्यंत ते गोदीतले मुख्य मिस्त्री, वय ६९, साहेबलोकांत मान. त्यांनी आपले दोन नातू गोदीत कामाला आणले, फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी. कुठल्या पदावर? साध्या सुताराच्या. पगार महिना १२ रुपये.

मोठ्या मिस्त्रीचे नातू म्हणून सरळ देखरेखीच्या खुर्चीत बसवणं काही अवघड नव्हतं. पण हातात रंधा धरल्याशिवाय लाकूड कळत नाही. फळीवर हातोडीने टकटक केली की भरीव आवाज येतो की पोकळ, ओल्या लाकडाला वास कसा येतो, सांधा किती घट्ट बसला की पुरे, हे सांगून शिकवता येत नाही.

तीन वर्षांनी, १७७४ मध्ये, लवजी वारले. गोदी त्यांच्या मुलांनी सांभाळली, माणेकजी आणि बमनजी यांनी. त्यांच्यानंतर ते १२ रुपयांवर लागलेले दोघे नातू मुख्य मिस्त्री झाले. मुंबईच्या गोदीत वाडिया मिस्त्रींची ही साखळी १८८० च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळपास दीडशे वर्षं चालली आणि त्या काळात घराण्याच्या हातून ३०० हून जास्त जहाजं बांधली गेली. याच वंशात पुढे अर्देशीर कर्सेटजी झाले. वाफेच्या इंजिनांचे जाणकार. १८३४ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःच्या घरी गॅसचे दिवे लावले, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय.

१८१०: दोन जहाजं, दोन नशिबं

शिक्षणाचा उपयोग झाला का? १८१० या एकाच वर्षाकडे बघा.

त्या वर्षी लंडनजवळच्या डेप्टफर्डला क्वीन शार्लट हे प्रचंड युद्धनौका-जहाज पाण्यात उतरलं. १०० पेक्षा जास्त तोफांचं. पण ते नीट न वाळवलेल्या लाकडाचं होतं. वर्षभरात आतली लाकडं बुरशीने भरली. नेमकी कुठली बुरशी आहे हे बघायला एका वनस्पतीशास्त्रज्ञाला बोलवावं लागलं. लढाईला जायच्या आधीच जहाजाची मोठी दुरुस्ती करावी लागली.

त्याच वर्षी मुंबईत जमशेटजींनी बांधलेलं मिंडेन पाण्यात उतरलं. सागवानी, ७४ तोफांचं. ब्रिटनबाहेर बांधलेली ब्रिटिश आरमाराची ही पहिली मोठी युद्धनौका. मिंडेन अर्धशतक टिकली. शेवटी हाँगकाँगला तरंगतं हॉस्पिटल म्हणून वापरात होती आणि १८६१ मध्ये विकली गेली.

आणि १८१७ मध्ये मुंबईतच जमशेटजींनी बांधलेली ट्रिंकोमाली? ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. तरंगत असलेली सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका तीच. नेल्सनची व्हिक्टरी तिच्यापेक्षा जुनी आहे, पण ती १९२२ पासून कोरड्या गोदीत उभी आहे. ट्रिंकोमालीलाही दुरुस्ती लागली, १९८७ पासून बरीच वर्षं. पण दुरुस्त करायला शिल्लक राहिली, हे महत्त्वाचं.

आता आपली होडी

चला, मुंबईहून परत मनीषनगरला येऊ. समजा तुमच्या प्लॉटवर, टिनाच्या शेडखाली, एक जुनी फायबरची होडी पडलीय आणि ट्रान्सम दबतोय. लवजींच्या गोदीतले नियम इथे जसेच्या तसे चालतात.

१. आधी ऐका, मग कापा. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर दोन-दोन इंचांवर टकटक करा. चांगल्या जागी खणखणीत आवाज, कुजलेल्या जागी बसका. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका, फरक लगेच कळतो. कुजलेला भाग खडूने आखा आणि फोटो काढा. मोटर लावलेली असेल तर तिचा खालचा भाग हाताने वर-खाली दाबून बघा. ट्रान्सम हलत असेल तर ती होडी पाण्यात न्यायची नाही. मधल्या तलावात मोटर भिंतीसकट उखडली तर मागून पाणी आत यायला मिनिटही लागत नाही. लाइफ जॅकेट अंगात नसेल तर पुढचं सांगायला नको.

२. टेकू आधी. ट्रान्सम कापला की होडीचा आकार पसरतो. ड्राय डॉकमध्ये ठोकळे आणि टेकू का लावत, ते आठवा. होडी लेव्हलमध्ये ठेवा, दोन्ही बाजूंना आधार द्या, वरच्या कडांना आडवी पट्टी बांधून रुंदी पक्की करा. मोटर आणि सगळी फिटिंग काढा. प्रत्येक भोकाचं माप आणि जागा फोनमध्ये फोटोसकट नोंदवा.

३. कुज संपते तिथे थांबू नका. साधारणपणे आतला फायबरचा थर कापून काढतात आणि बाहेरचा तसाच ठेवतात. बाहेरचा थर मग साच्याचं काम करतो. आतलं काळं, भुसभुशीत लाकूड पूर्ण खरवडा. चांगलं लाकूड लागल्यावरही थोडं पुढे जा, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे पोचलेले असतात. इथेच पुट्टीवाल्या सल्ल्याचा निकाल लागतो. पुट्टी म्हणजे ओल्या जखमेवर घट्ट बांधलेली पट्टी, आतला ओलावा आतच कोंडला जातो.

४. वाळू द्या. या बाबतीत नागपूरकर नशीबवान. एप्रिल-मेमधल्या आपल्या कोरड्या उन्हात जे चार दिवसांत होतं, ते कोकणात पावसाळ्यात महिनाभरात होणार नाही. पाऊस जूनच्या मध्यावर येतो, त्याआधी काम संपेल असं धरून चाला.

५. प्लाय कुठला? दुकानात वॉटरप्रूफ म्हणून काहीही देतात. पाटीवर आयएस ७१० लिहिलंय का ते बघा. मरीन प्लायचं भारतीय मानक ते. आयएस ३०३ हा फर्निचरचा साधा प्लाय, तो इथे नको. जुन्या ट्रान्समची जाडी मोजा. बऱ्याच छोट्या होड्यांत १८ मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ती मिळते. पुठ्ठ्याचा साचा कापून आधी बसवून बघा, मग प्लाय कापा.

६. राळ कुठली? दोन पर्याय: पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. पॉलिएस्टर स्वस्त. इपॉक्सी महाग, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला जास्त घट्ट धरते. इपॉक्सी वापरायची ठरवली तर शेवटपर्यंत तीच वापरा, कारण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. प्लायच्या सगळ्या कडा राळेने आधी पिऊ द्या, सगळ्यात जास्त पाणी कडेनेच शिरतं. मग घट्टसर राळ लावून तो बाहेरच्या थराला चिकटवा, क्लॅम्पने दाबा, कोपरे गोलाई देऊन भरा आणि वरून फायबर मॅटचे थर चढवून ते होडीच्या बाजूंवर आणि तळावर ओढून घ्या. नवा ट्रान्सम होडीशी एकजीव झाला पाहिजे, नुसता अडकवलेला नको.

आणि हो, ४५ अंशांच्या उन्हात राळ डब्यातच दगड होते. पहाटे काम करा, सावलीत करा, थोडी-थोडी कालवा.

७. हे चुकूनही करू नका. पॉलिएस्टरबरोबर हार्डनर आणि कोबाल्ट अशा दोन बाटल्या मिळतात. त्या दोन्ही कधीच थेट एकमेकींत मिसळायच्या नाहीत, भडका किंवा स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट राळेत पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल हवाच. फायबर घासताना काचेची धूळ उडते. साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. बंद खोलीत तर हे काम नकोच. घरात लहान मुलं असतील तर बाटल्या कुलुपात.

८. भोक म्हणजे दार. इतकी मेहनत केल्यावर लोक शेवटच्या दहा मिनिटांत माती करतात. मोटरच्या बोल्टसाठी सरळ ड्रिल मारतात आणि बोल्ट घालतात. झालं, नव्या प्लायला पहिल्याच दिवशी पाणी प्यायला दार उघडलं. जुनी होडी कुजली ती बहुतेक अशाच भोकातून. नीट पद्धत अशी: भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडा, ते इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळू द्या आणि मग त्या भरलेल्या भागाच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता बोल्टच्या भोवती लाकूड नाही, राळेची नळी आहे. वरून मरीन सीलंट लावा. पाणी काढायच्या बुचाचं भोकही असंच करा.

तुमच्या फोनमध्येही हेच आहे

फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असतं. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल पाण्यात ठराविक वेळ चालतो. पण ही हमी काचेमुळे मिळत नसते, ती मिळते कडेच्या रबरामुळे आणि गोंदामुळे. फोन पडला, कड किंचित उघडली, कुणी स्क्रीन बदलताना गोंद नीट लावला नाही, की आकडा तोच राहतो आणि संरक्षण जातं. काच तर चकचकीतच दिसते. फोन असो, होडी असो, पाणी नेहमी सांध्यातून शिरतं.

लवजींकडे इपॉक्सी नव्हती, मरीन प्लाय नव्हता, ओलावा मोजायचं मीटरही नव्हतं. त्यांच्याकडे चांगलं लाकूड होतं, ते निवडायची नजर होती आणि कुजकं झाकायचं नाही, उघडायचं, ही शिस्त होती. त्या शिस्तीसाठी त्यांनी आख्खी गोदी बांधली आणि त्याच शिस्तीसाठी नातवांना १२ रुपयांवर रंधा धरायला लावला. म्हणून त्यांच्या नातवाने बांधलेलं एक जहाज आजही तरंगतंय.

तुमच्या होडीचा ट्रान्सम उघडायचा की पुट्टी मारायची, हा निर्णय तुमचा. उघडलात तर एक उन्हाळा जाईल, दोन-चार शनिवार-रविवार खर्ची पडतील. पण पावसाळा संपल्यावर भरलेल्या तलावात मोटर सुरू कराल, तेव्हा तुमच्या मागे बसलेल्या माणसाचा जीव ज्या भिंतीवर आहे, ती आतून कशी आहे हे तुम्हाला माहीत असेल.